सीमा गमरेच्या जागेवर

एक

सीमा गमरेची निवड झाली, आणि ती बातमी ऐकून सीमा गमरे ओक्साबोक्शी रडायला लागली.

ठाकूरद्वारच्या ‘सुयोग प्लेसमेंट’मध्ये असं कधी घडलं नव्हतं. इथे माणसं निवड झाली नाही की रडायची, आणि मालक गंगाधर नाईक त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवायचे. आज त्यांनी हौसेने पेढ्यांचा पुडा पुढे केला होता. तो तसाच हातात राहिला.

“अगं, रडतेस काय? सोमवारी रुजू व्हायचंय तुला. तुझ्या आवाजावर ते लोक लट्टू झालेत.”

“सर, तो माझा आवाज नाहीये,” सीमा म्हणाली. “मी ट्रायलला गेलेच नव्हते. मंगळवारी मला ताप होता. अख्खा दिवस मी घरी झोपून होते.”

खिडकीशी बसलेल्या बकुळा परबने अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. उमेदवाराने दिलेला पत्ता खरा आहे का, जुन्या साहेबाचं त्याच्याबद्दल मत काय, हे दारोदार फिरून पाहायचं तिचं काम. लालबागची बाई, पन्नाशी उलटलेली, बोलायला गोड आणि दिसायला सदा पेंगुळलेली. झोपाळू बाईसमोर माणसं सावध राहत नाहीत, हे तिला फार पूर्वी कळलं होतं, त्यामुळे तिने आपली पेंग कधी सुधारली नाही.

प्रकरण असं होतं. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात ‘निवांत’ नावाची कंपनी होती. ज्यांना झोप येत नाही त्यांना फोनवर संथ आवाजात गोष्टी ऐकवायच्या, हा तिचा धंदा. आणि या शहरात गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. त्यांना मराठी आवाज हवा होता. सुयोगने पाठवलेल्यांपैकी सीमा शेवटच्या फेरीत पोचली होती. मंगळवारी स्टुडिओत तिचं रेकॉर्डिंग होतं. सीमाच्या नावाचा पास दाखवून कोणीतरी आत गेलं, रेकॉर्डिंग करून निघून गेलं, आणि आता कंपनीला तोच आवाज पाहिजे होता.

“म्हणजे तू तुझ्या जागी दुसरी कोणीतरी हुशार पोरगी पाठवलीस,” गंगाधरपंतांचा आवाज थंड झाला. “असले प्रकार मी ऐकून आहे. माझ्याकडे नको.”

“नाही सर! बाबासाहेबांची शपथ, मला काहीच माहीत नाही.”

“हे बाहेर गेलं तर कुठलीही एजन्सी तुला दारात उभी करणार नाही. कळतंय का?”

सीमाला कळत होतं. वर्षभर ती घरी बसून होती, आणि घरात ती आणि म्हातारी आत्या एवढीच माणसं. नोकरी तर गेलीच होती, आता नावही जायला बसलं होतं.

“सोमवारच्या आत मला ती बाई हुडकून द्या, बकुळाबाई,” गंगाधरपंत म्हणाले. “नाहीतर मीच कंपनीला फोन करून सांगेन की गमरे फसवी आहे.”

दोन

कंपनीने रेकॉर्डिंगचा तुकडा पाठवला होता. पंतांनी तो टेबलावर फोन ठेवून लावला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, जरासा जाडसर.

“पहिलं घर बाबल्याचं. बाबल्याने दिवा मालवला. कोंबडी झापात गेली, पिल्लं पंखाखाली गेली. आपण हळू जाऊ, त्यांची झोप मोडायला नको. पुढचं घर सखूचं. सखूने चुलीतला निखारा राखेत पुरला. मांजर वैलावर वेटोळं करून बसलं. झोप गं मांजरी. आपण पुढे चालू. आता ओढा आला. ओढ्याला झोप नाही, पण तो पाय न वाजवता चालतो…”

रस्त्यावरचे हॉर्न लांब गेल्यासारखे झाले. खिडकीतलं ऊन मऊ पडलं. बकुळाला वाटलं, आपण खरंच कुणाच्यातरी मागून पाऊलवाटेने चाललोय, आणि पुढच्या घराचा दिवा मालवायला आपलीच वाट बघतायत.

जाग आली तेव्हा पंत खुर्चीत मान मागे टाकून घोरत होते. सीमा टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखी झोपली होती. ती तर पहिल्या घरापाशीच गेली असावी. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं. जागी होती फक्त प्रिती, सुयोगमध्ये ‘निवांत’चं काम बघणारी पोरगी. ती कानात बोळे घालून बसली होती.

“तू नाही ऐकलंस गो?” बकुळाने विचारलं.

“काल ऐकलं होतं, ताई. इथेच झोपले. सरांनी झापलं.” प्रिती हसली, पण हसू फार टिकलं नाही. तिचा आवाज गोड होता. दिवसभर उमेदवारांना फोन करायचं काम तिचं. मंगळवारी ती हळदीकुंकवाला जायचं म्हणून साडी नेसून आली होती आणि दुपारभर बाहेर होती, हेही बकुळाला आठवलं.

“प्रिती, सीमा येणार नाही हे तुला मंगळवारीच कळलं होतं, होय ना?”

प्रितीचा चेहरा पडला. तिने एकदा झोपलेल्या पंतांकडे बघून घेतलं. “सकाळी सीमाच्या मैत्रिणीचा फोन आला होता. मनूचा. सीमाला ताप आहे म्हणून. मी कंपनीला कळवलंच नाही, ताई. उमेदवार आला नाही की सर माझ्यावर चिडतात. म्हटलं बघू, दुपारी सांगू. आणि दुपारी कंपनीचाच मेसेज, सीमा येऊन गेली, छान झालं! मी गप्प बसले. मला वाटलं, ताप उतरला असेल.”

“तू स्वतः नव्हतीस गेली?”

“मी? पास तर सीमाच्या फोनवर आला होता. तो दाखवल्याशिवाय तिकडे माशी आत जात नाही.”

हे खरं होतं. मग तो फोन मंगळवारी कोणाच्या हातात होता?

सीमा जागी झाली आणि ओशाळून डोळे चोळू लागली. “आवाज ओळखीचा वाटतो, ताई. कुठेतरी फार पूर्वी ऐकल्यासारखा. पण आठवायला जाते तेवढ्यात झोपच लागते.”

तीन

वरळीच्या बीडीडी चाळींत सध्या निम्म्या इमारती पडलेल्या आणि निम्म्या उभ्या होत्या, पाठीमागे नवे टॉवर चढत होते. हवेत सिमेंटची बारीक धूळ. बायका तोंडाला ओढणी नाहीतर पदर बांधूनच बाहेर पडत. बकुळानेही पदर बांधला आणि सीमाच्या मागून जिना चढली.

“जय भीम, ताई,” दारातच मनू भेटली. समोरच्या खोलीत राहणारी, चुणचुणीत, नखांना निळा रंग. सीमासारखीच सुयोगकडे नाव घातलेली, आणि याच कामाला दुसऱ्या फेरीत गळलेली.

“तुझ्याकडे सीमाच्या फोनचं कुलूप उघडायची युक्ती आहे काय?” बकुळाने सरळच विचारलं.

“सगळ्या मजल्याला माहीत आहे ते,” मनू फणकारली. “ठिपक्यांवरून एल काढायचा. पण मी नाय गेले. मला काय वेड लागलंय, तिच्या नावाने नोकरी मिळवून मी काय करू? पगार तिलाच मिळणार ना!”

“मंगळवारी दुपारी कुठे होतीस?”

मनूने जिन्याकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाली, “दादरला. दुसऱ्या एजन्सीत. पंतांना सांगू नका हां, ते म्हणतात एकावेळी एकच एजन्सी धरा. तिकडे त्यांनी माझा फोटो पण काढला, विचारा पायजे तर.”

खोली लहान आणि लख्ख होती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पितळेचा डबा, त्यावर उन्हाचा एक पट्टा. खाटेवर सीमाची आत्या, रमाबाई, पाय खाली सोडून बसल्या होत्या. साठी कधीच उलटलेली, पण पाठ ताठ. बकुळा बोलायला लागली तशा त्या एकटक तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“मंगळवारी सीमाला ताप होता ना, आत्या?”

रमाबाईंनी मान हलवली.

“तुम्ही घरीच होता?” बकुळाने खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

उत्तर आलं नाही. बकुळाने वळून पाहिलं, तर रमाबाई शांतपणे तिची वाट बघत होत्या. जरा आगाऊच म्हातारी, असं तिच्या मनात आलं.

“आत्या फार बोलत नाही, ताई,” सीमा म्हणाली. “लोकांसमोर तर नाहीच. माझ्या फोनवर सिरियल बघत बसते दिवसभर, आवाज बंद करून. मंगळवारपासून तिचं एकच चालू आहे: उद्या जा, उद्या जा. मी किती सांगितलं, आत्या, ती नोकरी गेली. तर म्हणते, जागा आहे तुझी. आता हिला काय समजावू?”

“जागा आहे,” रमाबाई म्हणाल्या. एवढंच. आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या.

चहा चांगला होता. बकुळा तो पिऊन निघाली, आणि जिना उतरताना तिला उगाचच वाटत राहिलं की त्या खोलीत आपण काहीतरी पाहिलं आणि तसंच सोडून आलो.

चार

दुसऱ्या दिवशी ती परळला गेली. गिरणीची चिमणी अजून होती. तिच्याखाली आता काचेची ऑफिसं, कॉफीचं दुकान आणि पोस्टरं. फाटकावरचा वॉचमन रामजी गप्पिष्ट निघाला.

“मंगळवारची बाई? आठवते ना. साडी, तोंडाला पदर. इथे काय ताई, मॉडेलबी साडी नेसून येतात. पण ती या गेटवर आलीच नव्हती आधी.”

“मग?”

“मागच्या गल्लीत आपलं जुनं फाटक आहे ना, भिंत घालून बंद केलेलं, तिकडे जाऊन उभी राहिली होती. सकाळी. ऑफिसं उघडायच्या किती तरी आधी. हातात फोन धरून, गुपचूप. मी राउंडला गेलो म्हणून दिसली. म्हटलं, बाई, हे गेट बंद होऊन जमाना झाला. इकडून या. तर आली, आणि इथेबी उभीच. खुर्ची दिली तरी बसली नाही.”

बकुळाने त्या बंद फाटकापर्यंत फेरी मारली. भिंतीवर पिंपळाचं रोप उगवलं होतं आणि समोर कोणीतरी स्कूटर लावली होती. इथे हल्लीचं कोणी कशाला येईल?

स्टुडिओत अभय होता, रेकॉर्डिंग करणारा. केस लांब, चेहरा फिकट. बकुळाने मंगळवारचं नाव काढताच त्याने दार लावून घेतलं.

“मॅडम, तुम्ही हे आमच्या मालकांना, अनिश सरांना सांगणार नाही ना? मी झोपलो होतो. तिने बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मी गेलोच. उठलो तेव्हा ती निघून गेली होती. मशीन आपोआप चालू होतं, म्हणून रेकॉर्डिंग वाचलं. सरांना मी सुरुवातीचा भागच पाठवला. शेवट मी पण ऐकलेला नाही. प्रत्येक वेळी झोपतो.”

“ती दिसायला कशी होती?”

“तिच्या बाजूला आम्ही अंधार ठेवतो, बेडरूमसारखा. म्हणजे आवाज मऊ येतो. माझ्या बाजूला दिवा. मला तिची नुसती आकृती दिसली. वाचायला दिलेलं तिने वाचलंच नाही, स्वतःचंच सांगायला लागली.” अभयने आवाज आणखी खाली आणला. “पण मॅडम, दुसरीच गोष्ट सांगायची होती. मला ती माणूस वाटली नाही.”

“म्हणजे काय?”

“आमच्यामध्ये ही काच आहे. तिच्यातून आवाज जात नाही, अजिबात नाही. मला तिच्याशी बोलायचं असेल तर हे बटण दाबावं लागतं, तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं. तिने हेडफोन घातलेच नव्हते, खाली ठेवले होते. मी बटण दाबायलाही विसरलो. आणि मी स्वतःशीच पुटपुटलो, ‘भूक लागली यार.’ तर मॅडम, ती काचेपलीकडून म्हणाली, ‘जेवून घ्या बाळा, मी थांबते.’”

बकुळाने काचेवर हात ठेवला. काच गार होती आणि पलीकडे अंधार होता.

पाच

पूर्ण रेकॉर्डिंग फोनवर घेऊन बकुळा लालबागला आली. घरी बसून ऐकलं असतं तर तिसऱ्या घरापुढे जाणं कठीणच होतं. म्हणून ती मसाल्याच्या गल्लीत गेली, जिथे मिरच्या कुटणाऱ्या डंखांचा दणदणाट चालतो आणि मिरचीच्या खकाण्याने शिंकून शिंकून जीव जातो. तिथे भर फुटपाथवर उभी राहून तिने कानात गोष्ट लावली.

तरी वाट आलीच. बाबल्याचं घर, सखूचं घर, ओढा. डंख खालीवर होत राहिले, लाल धूळ उन्हात तरंगली, आणि त्या धुळीतून एक बाई दिवे मालवत पुढे चालली. बकुळाने स्वतःला चिमटा काढला, दोनदा शिंकली. गाव संपलं. नदी आली, नदीवर होडी आली, होडीतला नावाडीही झोपला. मग शांतता. आणि त्या शांततेत तोच आवाज, आता साधा, घरगुती:

“झालं हो माझं. झोपलात वाटतं. झोपा. सही मी करत नाही, जिची जागा आहे ती येऊन करेल. उद्या येते ती.”

बकुळा तशीच उभी राहिली. एका हमालाने “ओ ताई, साइड” म्हणत तिला बाजूला केलं, तेही तिला नीट कळलं नाही.

तिला तिचे वडील आठवले. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर सारा जन्म गेलेला माणूस. त्या खात्यात यंत्रांचा एवढा कल्लोळ की कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायची, आणि पुढे कान अधू झाले तरी त्यावर निभावून न्यायची. दादा चाळीच्या गॅलरीत उभे राहून खाली रस्त्यात बोलणाऱ्यांच्या भानगडी आईला सांगायचे. आणि आईशी भांडायचं झालं तर पोरांना कळू नये म्हणून दोघं आवाज न काढता भांडायची. बकुळा लहानपणी गोधडीतून ते मुकं भांडण बघायची आणि तिला मोठी गंमत वाटायची.

काच आवाज अडवते, पण ओठ कुठे अडवते? अभयच्या बाजूला तर दिवाच होता.

मग दुसरी आठवण वर आली. दादांना एकदा विषमज्वर झाला होता. आई काळजीने अर्धी झाली होती, आणि दादा अंथरुणातून म्हणत होते, घाबरतेस काय, जागेवर बदली उभा आहे. कायम कामगार आला नाही की त्या दिवसापुरता आत घेतात तो बदली. पहाटेपासून गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा, कोणीतरी न येण्याची वाट बघत. दिवस भरायचा आणि निघून जायचा. जागा ज्याची त्याचीच राहायची.

हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नाही. मनूला नाही, प्रितीला नाही. तोंड बघून बोलणं समजणारी, खिडकीकडे वळून विचारलं की गप्प राहणारी, आवाज बंद करून सिरियल बघणारी, बंद फाटकाशी जाऊन उभी राहणारी आणि ‘उद्या जा, जागा आहे तुझी’ म्हणणारी बाई एकच होती. तिच्या हातचा चहा बकुळा कालच पिऊन आली होती.

सहा

“तुम्ही गेला होता ना, आत्या?” या वेळी बकुळाने समोर बसून, तोंड दिसेल असं विचारलं.

“मग कोण जाणार?” रमाबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं.

सीमाच्या हातातला तांब्या खाली पडला.

“आत्या! तू? माझा फोन घेऊन? माझ्या नावाने?”

“तू तापात होतीस. पहिलाच दिवस खाडा झाला तर जागा जाते. कोणतरी उभं राह्यला नको?” रमाबाई सावकाश बोलत होत्या, आणि बकुळाला पेंग येते की काय अशी भीती वाटली. “मी वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, बदली होते. त्याच गिरणीत. बाळंतिणींच्या जागेवर, आजारी बायांच्या जागेवर, गावी गेलेल्यांच्या जागेवर. कुणाची जागा मी जाऊ दिली नाही. मग संप झाला आणि गिरणीच गेली.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी चार दिवस रडतेय!”

“सांगत होते की. उद्या जा म्हणून.”

खरंच, ती रोज सांगत होती. सीमाने पडलेला तांब्या उचलला. तिला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी खूप बरंही वाटलं. आई गेल्यावर ह्याच आवाजाने तिला झोपवलं होतं. मग ती मोठी झाली, आणि घरात गोष्ट सांगायची कोणाला गरज उरली नाही. त्यामुळे आत्या गप्पच झाली, आणि ती गप्प झालेली सीमाला कळलंही नाही.

“अगं, पण आता ते लोक आवाज तुझा मागतायत. मी जाऊन काय करू?”

रमाबाईंनी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. तरी त्या ठामपणे म्हणाल्या, “बदलीला कोण मागत नाही. जागा तुझी आहे.”

सात

सोमवारी पंत, बकुळा, सीमा आणि रमाबाई अशी चौघं ‘निवांत’मध्ये गेली. गंगाधरपंतांनी खरं ते सगळं सांगितलं, आणि सीमा फसवी नाही हेही चारदा सांगितलं. आपण तिला काय काय बोललो होतो ते त्यांना आता टोचत होतं.

मालक अनिश तिशीचा, डोळ्यांखाली काळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही.

“ही कंपनी मी काढली कारण मला स्वतःला झोप येत नाही,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यात आली. पण ट्रायल सीमाची राहिलीय. ती आधी होऊ दे. तिचा हक्क आहे.”

सीमा अंधाऱ्या खोलीत गेली. स्वच्छ, सुरेख वाचलं तिने. एकही शब्द अडखळला नाही. बाहेर आली तेव्हा सगळे टक्क जागे होते, अभयसुद्धा. कोणी काही बोलायच्या आधी तिला कळलं.

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण ही नोकरी तिला खरंच हवी होती. वर्षभर ती या एका दारापर्यंत येत होती. तिने ओढणीने डोळे पुसले आणि पंतांकडे वळली. “सर, माझं नाव साफ झालं ना?”

“झालं, बाळा. शंभर टक्के.”

“मग मला दुसरीकडे पाठवा. इथे हिला घ्या.”

“मी नाय,” रमाबाई लगेच उठल्या. “जागा तुझी.”

“आत्या, माझ्याकडे बघ.” सीमा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, “ही जागा माझी नव्हती. मी आत्ता करून पाहिलं. ही तुझीच आहे. तू कुणाच्या बदल्यात आलेली नाहीस.”

रमाबाई अनिशकडे वळल्या. आयुष्यभर मनात राहिलेला हिशेब एकदाचा विचारून घ्यावा तसं त्यांनी विचारलं, “मी आजारी पडले तर?”

“तर सुट्टी घ्यायची, मावशी.”

“मग माझ्या जागेवर कोण उभं राहणार?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे? दुसरं कोण घ्यायचं नाही?”

“नाही. तुमची खुर्ची आहे ती. तुम्ही परत येईपर्यंत रिकामी राहील.”

रमाबाईंनी काचेपलीकडच्या अंधारात ठेवलेल्या खुर्चीकडे बघितलं. आपण वाचलेले ओठ बरोबर वाचले की नाही, असा त्यांना संशय आला असावा, कारण त्या पुन्हा अनिशच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“रिकामी?” त्यांनी विचारलं. “माझ्यासाठी?”

अनिशने मान हलवली. तेव्हा मात्र रमाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडायला लागल्या, आणि सीमाने त्यांना रडू दिलं.